दहा, नऊ, आठ

मी एका ठणठणीत माणसाला आजारी पाडलं. विष घातलं नाही, जिन्यावर तेल सांडलं नाही. लॅपटॉपसमोर बसून, कानाला हेडफोन लावून, तीन शनिवार-रविवार खपून पाडलं. वर दोन महिने गप्प बसलो. या दोन्हींत गप्प बसणं जास्त वाईट, हे मला तेव्हाही कळत होतं.

तसं मला अपराधी वाटायला फार काही लागत नाही. सुपरमार्केटमधलं बिलाचं मशीन माझ्यावर ओरडलं तर मी मशीनला सॉरी म्हणतो. बायको म्हणते, "तू इतक्या वेळा सॉरी म्हणतोस ना, की खरी वेळ येईल तेव्हा तुझ्याकडे एकही शिल्लक नसेल." खरी वेळ डॉक्टरांच्या रूपाने आली, आणि शिल्लक नव्हतं.

डॉक्टर म्हणजे माझे नॉटिंगहॅमचे घरमालक. माझं घर बेसिंगस्टोकला. बायको आणि मुलगी तिथेच. कंपनीने मला नॉटिंगहॅमच्या प्रोजेक्टवर टाकलं, तेव्हा सोमवार ते शुक्रवार राहायला खोली शोधणं आलं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा नंबर दिला. मी खोली बघायला गेलो, तर सत्तरी ओलांडलेल्या, उंच, वाकलेल्या, कार्डिगनच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर खोचलेल्या माणसाने दार उघडलं आणि नमस्कार करायच्या आत विचारलं, "उजवे की डावखुरे?"

"उजवा."

"मनगट बघू." त्यांनी माझं मनगट दोन्ही दिशांना फिरवून पाहिलं. "उत्तम. खोली तुमची. दर गुरुवारी सहाला तालीम."

"कसली तालीम?"

"बँडची. तुम्ही भोपळा वाजवणार."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्याला आधी खोली तरी दाखवा!"

डॉक्टर निवृत्त भूलतज्ज्ञ होते. पस्तीस वर्षं इथल्या सरकारी हॉस्पिटलात माणसं झोपवली. "आता राहिलेल्या दिवसांत जागी करायचीत," असं ते म्हणायचे, आणि त्यासाठी त्यांनी बँजो धरला होता. बँडचं नाव होतं ‘द एअरिंग कपबर्ड’. बँड अमेरिकन डोंगराळ मुलखातली लोकगीतं आणि मेक्सिको-कोलंबियाकडची नाचाची गाणी वाजवायचा. पण एकानंतर दुसरं असं नाही, दोन्ही एकाच गाण्यात. ओसाड खाणीवरचं रडकं गाणं दोन कडव्यांनंतर अचानक कंबर हलवायला लागायचं. ऐकणाऱ्यांना वाटायचं, हा काहीतरी फार विचारपूर्वक केलेला प्रयोग आहे. तसं काही नव्हतं.

तरुणपणी डॉक्टर भारतातून आले ते समुद्रकाठच्या एका लहानशा हॉस्पिटलात. तिथे ज्युनियर डॉक्टरांच्या खोलीत एक टेपरेकॉर्डर आणि एकच कॅसेट. वर काही लिहिलेलं नाही. एका बाजूला बँजो, दुसऱ्या बाजूला ट्रंपेट, आणि टेपरेकॉर्डर असा की एक बाजू संपली की आपोआप दुसरी सुरू. ड्यूटीवर असले की डॉक्टर ती ऐकायचे. "चार वर्षं मला ठाऊकच नव्हतं ही दोन संगीतं आहेत ते," ते मला म्हणाले. "कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मला ती वेगळी ऐकूच येईनात."

तर भोपळा. लॅटिन गाण्यांत वाळलेल्या भोपळ्यावर खाचा पाडून त्यावर काडी घासतात. खर्र-खट्-खट् असा आवाज येतो. त्याला ग्विरो म्हणतात. दुकानात तयार मिळतो. पण डॉक्टरांचं म्हणणं, आपण दुधी भोपळा खाणारी माणसं, आपण ग्विरो विकत आणायचा म्हणजे शरमेची गोष्ट. त्यांनी अलॉटमेंटवरच्या, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या वाफ्यावरच्या, काचघरात दुधी लावले, जून होईपर्यंत वेलावर ठेवले आणि जिन्याच्या वरच्या टप्प्यावर गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं, टॉवेल वाळवायचं, ज्याला इथे एअरिंग कपबर्ड म्हणतात, त्यात टांगले. इंग्लंडच्या हवेत दुधी वाळत नाही, सडतो. सात वर्षांत एकोणतीस दुधी सडले. काकूंच्या टॉवेलांना कायमचा एक वास लागला होता, माझ्याही. तिसावा वाळला. तो माझ्या हातात देताना डॉक्टर म्हणाले, "यांना सांभाळा."

भोपळ्याला ‘यांना’. ते सगळ्यांनाच अहो-जाहो करायचे. मला, शेजारच्या मांजराला, बिघडलेल्या बॉयलरला. "पेशंटला अरे-तुरे करायचं नाही," ते सांगायचे, "आणि कोण कधी पेशंट होईल, काय सांगावं?"

बँडमध्ये आणखी दोघं. लुसिया ही कोलंबियाची, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, ती गायची. कीथ निवृत्त बस ड्रायव्हर. तो स्वतःपेक्षा उंच असा डबल बास वाजवायचा आणि तालमीला पाच वाजून एकोणसाठ मिनिटांनी बेल दाबायचा. दोघांनीही डॉक्टरांच्या पद्धती मुकाट्याने स्वीकारल्या होत्या. त्या पद्धती अशा, की कार्यक्रमाआधी सहा तास कुणी काही खायचं नाही. अंगठ्या काढायच्या. मग डॉक्टर हातात पॅड घेऊन एकेकासमोर उभे राहायचे.

"तुमचं नाव?"

"डॉक्टर, मी तुमच्या घरात राहतो."

"नाव?"

मी नाव सांगायचो.

"जन्मतारीख? आज काय वाजवणार? कोणत्या हाताने? कवळी, सैल दात? शेवटचं कधी खाल्लंत?"

मग माझ्या उजव्या हातावर ते मार्करने बाण काढायचे, चुकून डाव्याने वाजवू नये म्हणून. आणि शेवटी संमतीपत्र. ते त्यांनी स्वतः टाइप केलेलं होतं. ‘या कार्यक्रमातले संभाव्य धोके मला समजावून सांगण्यात आले आहेत : बोटांना फोड, पाठीत उसण, मानहानी, कीथचे विनोद.’ खाली सही. "ज्याच्यावर काही करायचं, त्याला आधी विचारायचं," हे डॉक्टरांचं एकमेव तत्त्वज्ञान. एकदा मी गाडीत चोरून सामोसा खाल्ला आणि ‘काही नाही’ असं सांगून सही केली. तो कार्यक्रम एका बोल्स क्लबमध्ये, हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या क्लबात, होता. सबंध वेळ मला वाटत होतं, डॉक्टर माझ्या ओठांकडे बघताहेत.

ते बघतच होते, पण सगळ्यांच्याच ओठांकडे. बँजो वाजवताना त्यांची नजर कधी तारांवर नसायची. समोरच्यांचे ओठ गुलाबी आहेत ना, छात्या वर-खाली होताहेत ना, हे ते तपासत असायचे. त्याच बोल्स क्लबात पहिल्या रांगेतले एक आजोबा मान छातीवर टाकून झोपले. दुसऱ्या कुणाला अपमान वाटला असता. डॉक्टर वाजवता वाजवता खाली उतरले, बँजोचं टोक आजोबांच्या हनुवटीखाली घातलं, हलकेच मान वर केली आणि उरलेलं सगळं गाणं तसंच उभं राहून वाजवलं.

"झोपू देत की," नंतर ते म्हणाले, "पण श्वासनलिका मोकळी हवी."

गाणं सुरू करायची त्यांची रीत मात्र मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. बाकीचे बँड ‘वन, टू, थ्री, फोर’ म्हणतात. डॉक्टर दहापासून उलटं मोजायचे, मराठीत. आयुष्यभर त्यांनी पेशंटला हेच करायला लावलं होतं. "पस्तीस वर्षांत कुणी सातच्या पुढे गेलं नाही," ते सांगायचे. "आणि दहा ते सातमध्ये माणसं खरं बोलतात. एका बाईंनी मला आठवर येऊन सांगितलं, की नवऱ्याचा आवडता पोपट त्यांनीच सोडून दिला होता. नवरा बाहेर बसला होता!"

ऐकणाऱ्यांनाही मोजायला लागायचं. डॉक्टर म्हणायचे "दहा," मग लोक "दहा!" असे. चर्चच्या हॉलमध्ये बसलेल्या गोऱ्या आज्या "नऊ! आठ!" म्हणून ओरडायच्या, तेव्हा काकू पदराने तोंड झाकून हसायच्या. आठनंतर डॉक्टर थांबायचे. किती, ते ठरलेलं नसायचं. लुसियाकडे बघत राहायचे. तिने श्वास घेतला की "सात," आणि गाणं सुरू. पुढेही तसंच. तिने ओळ उचलली की मग त्यांचा बँजो, केसभर मागून. दार उघडून धरलेला माणूस पाहुण्यामागून आत यावा तसा.

हे आता मला इतकं नीट सांगता येतंय. तेव्हा कळलं असतं तर!

झालं असं की डर्बीशायरमधल्या एका शेतावर उन्हाळ्यात लहानसा संगीत महोत्सव भरतो, तिथे वाजवायचं डॉक्टरांच्या मनात आलं. तीन गाणी रेकॉर्ड करून पाठवायची होती. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून काम माझ्याकडे. मार्चमधल्या एका गुरुवारी मी घरभर माइक लावले. लुसिया बाथरूममध्ये, आवाज घुमावा म्हणून. डॉक्टर तिच्या उघड्या दारासमोर, कपाटाला पाठ लावून. कीथ खाली हॉलमध्ये. मी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर भोपळा घेऊन. आणि काकूंना काही सांगायचं राहिल्यामुळे स्वयंपाकघरात वरण-भाताचा कुकर.

बेसिंगस्टोकला येऊन मी ते ऐकलं. माझी नोकरी टेस्टिंगची. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या, त्याचा मला पगार मिळतो. पडद्यावर प्रत्येक वाद्याची रेघ दिसत होती. सगळे तालाच्या खुणेवर, बँजो मागे. दर वेळी मागे. मला वाटलं, डॉक्टरांचं वय झालं, बिचाऱ्यांना झेपत नाही. आणि माझ्या मनात दया आली. त्या दयेइतकी उद्धट गोष्ट मी आयुष्यात केली नाही.

बँजोचा एकेक सूर उचलून मी पुढे सरकवला, खुणेवर बसवला. वाजवता वाजवता डॉक्टरांनी काढलेले ‘हं’ पुसले. कुकरच्या शिट्ट्या पुसल्या.

बायकोने डोकावून विचारलं, "काय करतोयस?"

"डॉक्टरांचं वाजवणं जरा सरळ करतोय."

"त्यांना विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं?"

गाणी पाठवली. निवड झाली. आयोजक बाईंनी लिहिलं, की बँजो किती नेमका वाजतो. ते पत्र काकूंनी फ्रिजवर लावलं. मला दूध घेताना दर वेळी ते वाचावं लागायचं.

डॉक्टर त्या रेकॉर्डिंगबरोबर रोज सरावाला बसू लागले. चारपाच दिवसांनी एका सकाळी त्यांनी टोस्टवरचा हात थांबवला आणि म्हणाले, "तुम्ही टेस्टिंगचे ना? एक सांगा. हा टेपवरचा मी मार्चमधला. हा मी मेमधला. मार्चमधल्या माझ्याशी मला जुळवून घेता येत नाहीये. दर वेळी मागे पडतोय."

मी बटरकडे बघत म्हणालो, "दमला असाल, डॉक्टर."

तेवढ्यावर मी ऑफिसला गेलो.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं, त्याला हसावं की रडावं मला कळेना. डॉक्टर स्वतःचेच पेशंट झाले. नाकाला बोट, बोटाला नाक, असं दिवसातून तीनदा. पोस्टाच्या पाकिटांवर, काकूंच्या किराणाच्या यादीवर, माझ्या बँकेच्या पत्रावर पेन्सिलने भोवरे काढलेले; हात थरथरतो का ते पाहायला. सुपरमार्केटच्या रांगेत ते एका पायावर उभे राहायचे. एकदा मागच्या बाईंना वाटलं काहीतरी वर्ग चालू आहे, त्याही उभ्या राहिल्या. पॅसेजमध्ये ते टाचेला चवडा लावून चालू लागले की शेजारचं मांजर त्यांच्या मागोमाग चालायचं.

"काय शोधताय हो?" काकूंनी शेवटी विचारलं.

"पार्किन्सन्सची सुरुवात असावी," डॉक्टर हवा सांगावी तसे म्हणाले. "आपल्या फॅमिली डॉक्टरांना काही सापडलं नाही. पण त्यांनी माझा मार्चमधला बँजो ऐकलेला नाही."

काकू हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी भाताला दोनदा मीठ घातलं.

मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "अरे, सांगून टाक ना!"

"निवड रद्द होईल."

"खरं कारण सांग."

खरं कारण असं की, फ्रिजवरचं पत्र. त्या पत्रातलं कौतुक खरं तर माझं होतं, आणि आतून मला ते आवडत होतं. हे मी बायकोलाही सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

महोत्सवाला आठवडा उरला. गुरुवारी सगळे जमले. जूनचं लख्ख ऊन जिन्यावर आलं होतं. डॉक्टरांनी बँजो पेटीत ठेवला आणि पेटी कीथकडे दिली. "तुमच्या ओळखीचा तो बँजोवाला मुलगा आहे ना, त्यांना सांगा. मी खाली लोकांत बसेन. माझ्यामुळे लुसियांचं गाणं अडखळायला नको."

लुसिया म्हणाली, "डॉक्टर, मला तर काही वेगळं वाटलं नाही."

"तुम्ही चांगल्या आहात. पेशंटचे नातेवाईक असंच म्हणतात."

कीथ घड्याळाकडे बघत राहिला. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "मोजायला मात्र कुणीतरी मराठी हवं. आजपासून तुम्ही मोजा."

मी भोपळा धरून उभा राहिलो.

"दहा," मी म्हणालो. "नऊ."

मी काडी खाली केली.

"आठ. डॉक्टर, तुमचे हात ठीक आहेत. टेप खोटी आहे. मी बँजो पुढे सरकवला. सगळा. तुम्ही मार्चमध्ये पण असंच वाजवत होता."

पुढे मी बरंच बोललो. पडद्यावरच्या रेघा, तालाच्या खुणा, तीन शनिवार-रविवार, सगळं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. मग लॅपटॉप आणून मूळ रेकॉर्डिंग लावलं. डॉक्टर डोळे मिटून ऐकू लागले. दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी झाली.

"अगंबाई, माझा कुकर!" काकू म्हणाल्या, आणि त्यांना एकदम रडू फुटलं.

डॉक्टरांनी गाणं संपेपर्यंत डोळे उघडले नाहीत. मग नाकाला बोट लावलं, एका पायावर उभे राहिले, पाय खाली ठेवला.

"मी उशिरा वाजवत नाही," ते म्हणाले. "मी थांबतो. लुसियांनी श्वास घेतला का ते बघतो आणि मग सूर सोडतो. भूल दिल्यावर दुसरं काम काय असतं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "संमती घेतली होतीत?"

"नाही."

"हं," डॉक्टर म्हणाले. कीथकडून पेटी परत घेतली आणि बँजो जुळवत बसले.

पुढचा आठवडा ते माझ्याशी अत्यंत सभ्यपणे वागले. तेच सहन होत नव्हतं. मला टोस्ट द्यायचे, हवामान सांगायचे. सोमवारी काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे, त्या दिवशी एवढं मोठं भाषण केलंस. रेघा काय, खुणा काय. त्यात सॉरी कुठे होतं?"

मी आठवून पाहिलं. खरंच नव्हतं. मशीनला मी सॉरी म्हणतो, पार्किंगच्या खांबाला म्हणतो. डॉक्टरांना म्हणालोच नव्हतो. आणि ठरवून म्हणायला गेलो की त्यांच्या अदबीपुढे तोंडातून ‘गुड मॉर्निंग’ निघायचं.

आयोजक बाईंना मी पत्र लिहून सगळं कळवलं, मूळ गाणी जोडली, निवड रद्द केलीत तर समजू शकतो असंही लिहिलं. उलट त्यांचं उत्तर आलं, की हे रेकॉर्डिंग पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. फक्त ते शिट्टीचं वाद्य कोणतं, आणि ते आणता येईल का?

म्हणून शनिवारी दुपारी, डर्बीशायरमधल्या त्या शेतात, गवताच्या गठ्ठ्यांच्या स्टेजवर आम्ही असे उभे होतो : बँजो, डबल बास, लुसिया, भोपळा आणि कॅम्पिंगच्या शेगडीवर काकूंचा कुकर, शेजारी स्वतः काकू. सहा तासांचा उपास सगळ्यांनाच, त्यामुळे वरणाच्या वासाने कीथचे डोळे पाणावले होते. माझ्या हातावर बाण होता. संमतीपत्रावर सही झाली होती. समोर चाळीसेक माणसं आणि तीन कुत्री.

डॉक्टरांनी लोकांना समजावलं की मी म्हणेन ते मोठ्याने म्हणायचं, मराठी येत नसलं तरी चालेल.

"दहा."

"दहा!" शेत ओरडलं.

"नऊ."

"नऊ!"

"आठ."

"आठ!"

आणि डॉक्टर थांबले. लुसियाने श्वास घेतला. डॉक्टर तिच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. लुसियाने श्वास सोडला, दुसरा घेतला, तोही सोडला. कुत्री गप्प झाली. कीथने घड्याळ पाहिलं. मला कळलं, ते आजही थांबलेत, माझ्यासाठी. आणि कितीही वेळ थांबतील.

मी माइकजवळ गेलो. "डॉक्टर," मी म्हणालो, "तुम्ही कधीच मागे नव्हता. मला माफ करा."

आकड्यांसारखं हेही आपणच म्हणायचं, असं समजून चाळीस माणसं जमेल त्या मराठीत एका दमात ओरडली, "मला माफ करा!"

काकूंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी सगळ्या शेतावरून नजर फिरवली, मग ती माझ्यावर आणून ठेवली.

"यांचं ऐकू आलं," ते म्हणाले. "तुमचं नीट आलं नाही. पुन्हा."

लोकांनी पुन्हा आरोळी ठोकली. त्यांची संपू दिली, डॉक्टरांचा श्वास आत गेलेला पाहिला, आणि मग मी, भोपळा छातीशी धरून, त्यांच्याकडे बघत, केसभर मागून म्हणालो, "डॉक्टर, मला माफ करा."